वाचक विचारतात : एलईडीचा शेवटचा एक टक्का

एलईडीचा प्रकाश अर्ध्यावर आणणे कुणालाही जमते. खरी परीक्षा तळाशी असते. दोन टक्क्यांच्या खाली गेले की प्रकाश पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, थरथरतो, नाहीतर मध्येच टपकन विझतो. मंद प्रकाशाविषयी आलेली निवडक पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : बेडरूमच्या फॉल्स सीलिंगमध्ये १२ व्होल्टची ५ मीटर पट्टी आहे, पूर्ण उजेडाला ३ अँपिअर घेते. अर्डुइनो युनोच्या ९ नंबरच्या पिनवरून १०० ओहम रेझिस्टन्स लावून आयआरएलझेड४४एन मॉसफेट (पट्टी चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालवला आहे. कोड ३० सेकंदांत २५५ वरून ० वर आणतो. पहिली २० सेकंदे काही बदलल्यासारखे वाटत नाही आणि शेवटच्या दोन-तीन सेकंदांत दिवा धडाधड उतरून बंद होतो. गॅमाचा तक्ता (डोळ्याला जाणवेल तसा उजेड वक्राने उतरवणारा) घातला, तरी शेवट तसाच.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : डोळ्याला प्रकाश किती कमी झाला यापेक्षा कितव्या हिश्शाने कमी झाला हे जाणवते. २५५ वरून २५४ वर येताना प्रकाश ०.४ टक्क्याने घटतो, ते कुणालाच कळत नाही. २ वरून १ वर येताना तो थेट निम्मा होतो. कोडच्या दृष्टीने दोन्ही पायऱ्या सारख्याच.

किती बारीक पायरी पुरेशी, याला एक चांगली मोजपट्टी आहे. इमारतींच्या प्रकाशयोजनेत वापरल्या जाणाऱ्या डाली पद्धतीत (आयईसी ६२३८६) ०.१ ते १०० टक्के या पट्ट्यात २५४ पातळ्या असतात आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा सुमारे २.८ टक्क्यांनी वेगळी असते. म्हणजे पायरी गुळगुळीत वाटायची तर हातात निदान ३६ काउंट (कोडमधला उजेडाचा आकडा) हवेत, कारण ३६ मधला १ म्हणजेच २.८ टक्के. या हिशोबाने ८ बिटांचा पीडब्ल्यूएम (दिवा वेगाने चालू-बंद करून उजेड ठरवण्याची पद्धत) १४ टक्क्यांपर्यंतच गुळगुळीत चालतो, १० बिटांचा ३.५ टक्क्यांपर्यंत, १२ बिटांचा ०.९, १३ बिटांचा ०.४४ आणि १५ बिटांचा ०.११ टक्क्यांपर्यंत. तुमचा गॅमा तक्ता चुकलेला नाही, पण ८ बिटांत २.२ गॅमा घातला की तक्त्यातल्या १ ते १४ या नोंदी शून्यच येतात. तक्ता वक्र बदलू शकतो, नसलेले काउंट आणू शकत नाही.

९ नंबरची पिन टायमर १ ची आहे आणि तो १६ बिटांचा आहे, ही जमेची बाजू. तो मोड १४ मध्ये, म्हणजे वरची मर्यादा आयसीआर१ मध्ये लिहायच्या फास्ट पीडब्ल्यूएममध्ये, प्रीस्केलर (घड्याळाचा वेग भागणारी सोय) न लावता चालवा. १६ मेगाहर्ट्झवर ६५५३५ लिहिले तर वारंवारता २४४ हर्ट्झ मिळते, १६३८३ ला ९७७, ८१९१ ला १९५३. पूर्ण १६ बिट घ्यायचा मोह होईल, पण २४४ हर्ट्झवर मान पटकन वळवली की पट्टीच्या तुटक प्रतिमा दिसतात. आयईईई १७८९ या २०१५ च्या शिफारशीप्रमाणे पूर्ण चालू-बंद होणाऱ्या प्रकाशासाठी १२५० हर्ट्झच्या वर कमी धोका आणि ३००० हर्ट्झच्या वर परिणाम नाही असे धरतात. म्हणून युनोवर ८१९१ घ्या आणि तळ ०.४ टक्क्यावर ठेवा.

अंधाऱ्या खोलीत ०.४ टक्क्यावरून विझतानाचा झटकाही दिसतो. तोही नको असेल तर ईएसपी३२ घ्या. ८० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर त्याचा एलईडी पीडब्ल्यूएम १५ बिटांत २४४१ हर्ट्झ देतो आणि ०.१ टक्क्याला ३३ काउंट मिळतात. मात्र त्यातली तयार फेडची सोय एकरेषीय आहे, ती वापरू नका.

काउंट काढायचे सूत्र : कमाल काउंट गुणिले १० चा घात, आणि घातांक (न − २५४) × ३ ÷ २५३. इथे न १ ते २५४. न ला पूर्णांकात अडकवू नका. तो अपूर्णांकात धरून दर १० मिलिसेकंदाला नवा काउंट लिहिला की फेड सलग वाटतो.

आता मॉसफेट, कारण बहुतेकांचे काम इथे अडते. युनोवर १३ बिटांत एक काउंट ६२.५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे ३६ काउंटचा पल्स २.२५ मायक्रोसेकंदांचा. आयआरएलझेड४४एनच्या गेटला पूर्ण उघडायला ४८ नॅनोकुलंबपर्यंत भार लागतो. १०० ओहममधून पिनने तो भरायला जवळजवळ २ मायक्रोसेकंद जातात. पल्स संपत आला तरी मॉसफेट अर्धवटच उघडलेला असतो. टीसी४४२७ हा गेट ड्रायव्हर १२ व्होल्टवर लावा, गेटशी १० ओहम, आणि ड्रायव्हरच्या इनपुटवरून ग्राउंडला १० किलोओहम, म्हणजे कंट्रोलर रिसेट होताना पट्टी भपकन पेटणार नाही. ईएसपी३२ चे ३.३ व्होल्ट त्याच्या इनपुटला पुरतात. इतका खटाटोप नको असेल आणि पट्टी लहान असेल तर एओ३४०० घ्या, त्याच्या गेटला सुमारे ७ नॅनोकुलंबच लागतात. त्याची गेटमर्यादा १२ व्होल्ट आहे, म्हणून त्याला १२ व्होल्टच्या ड्रायव्हरवर लावू नका.

शेवटी तारा. पट्टीतल्या तीन एलईडींवर सुमारे ९ व्होल्ट पडतात, म्हणजे करंट वाढवायला ३ व्होल्टच उरतात. ॲडाप्टरपासून पट्टीपर्यंतच्या सुट्या तारांचे इंडक्टन्स ५ मायक्रोहेन्री झाले, तर करंट मायक्रोसेकंदाला ०.६ अँपिअर इतकाच चढतो. पूर्ण ३ अँपिअर गाठायला निदान ५ मायक्रोसेकंद हवेत, आणि आपला पल्स त्याच्या निम्माही नाही. करंट तिरका चढतो, म्हणून पल्स अर्धा केला की प्रकाश पावपट होतो आणि हिशोबाने काढलेला तक्ता तळाशी खोटा पडतो. उपाय स्वस्त आहे. मॉसफेट पट्टीच्या टोकाशी न्या, तिथेच अधिक-उण्यामध्ये ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, आणि जोडतारा पिळून घ्या. पल्सचा करंट मग जवळच्या कपॅसिटरमधून येतो. ॲडाप्टरच्या तारा कितीही लांब असल्या तरी चालते.

प्रश्न : १६ बिटांवर गेल्यापासून कोडमध्ये शून्य लिहिले तरी रात्री पट्टी मिणमिणताना दिसते. मॉसफेट गळका आहे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : बहुधा नाही. फास्ट पीडब्ल्यूएममध्ये तुलनेच्या रजिस्टरमध्ये शून्य लिहिले तरी एव्हीआरचा (युनोवरच्या चिपचा) टायमर प्रत्येक फेरीत एका काउंटचा बारीक पल्स सोडतो. तयार ॲनालॉगराइट आज्ञा शून्याला पिन सरळ बंद करते, थेट रजिस्टर लिहिताना ते काम आपले असते. शून्य आले की पिन टायमरपासून तोडा आणि लो करा. खात्रीसाठी ड्रायव्हरची तार काढून गेट ग्राउंडला जोडा. मिणमिण थांबली तर दोष पल्सचा, नाही थांबली तर मॉसफेट बदला.

प्रश्न : पीटी४११५ (एलईडीला ठरावीक करंट देणारी आयसी) वर १ वॉटचे पाच एलईडी एका माळेत, २४ व्होल्ट सप्लाय, ६८ मायक्रोहेन्रीची कॉइल, ०.३३ ओहमचा सेन्स रेझिस्टन्स (करंट मोजणारा). डिम पिनला १ किलोहर्ट्झचा १६ बिटांचा पीडब्ल्यूएम देतो. एका टक्क्याच्या खाली उजेड अंदाजाने उतरत नाही, कधी झपकन खाली येतो, कधी तिथेच अडतो. शिवाय सर्किट शिटी वाजवते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्याकडे काउंट भरपूर आहेत, कमी पडते ती कॉइल. ०.१ व्होल्ट भागिले ०.३३ म्हणजे तुमचा करंट ३०० मिलिअँपिअर. पाच एलईडींवर सुमारे १५.५ व्होल्ट, म्हणजे कॉइलवर ८.५ उरतात. ६८ मायक्रोहेन्रीतून ०.३ अँपिअर चढायला २.४ मायक्रोसेकंद लागतात, आणि आयसीचा स्वतःचा उशीर वेगळा. १ किलोहर्ट्झवर ०.२ टक्के म्हणजे २ मायक्रोसेकंदच. करंट ठरलेल्या पातळीला पोचतच नाही. काम करंटच्या नियंत्रणाबाहेर जाते आणि उजेड सप्लायच्या व्होल्टेजवर, कॉइलच्या तापमानावर, आयसीच्या तुकड्यावर ठरू लागतो. दोन दिवे शेजारी लावले तर हा फरक उघडच दिसेल.

आधी एलईडींना समांतर कपॅसिटर लावला असेल तर काढा. तो पल्सच्या मध्ये साठा करतो आणि तळ आणखी बिघडवतो. मग दोन पद्धती जोडून वापरा. पीटी४११५ ची डिम पिन ०.५ ते २.५ व्होल्टमध्ये करंट प्रमाणात बदलते, म्हणजे १०० वरून २० टक्क्यांपर्यंत. अगदी २० ला नेऊ नका. तिथे सेन्स रेझिस्टन्सवर २० मिलिव्होल्टच उरतात आणि आयसीच्या आतल्या चुका मोठ्या दिसायला लागतात. ०.७५ व्होल्ट, म्हणजे ३० टक्के, हा चांगला थांबा. १०० ते ३० टक्के व्होल्टेजने उतरा, त्याखाली व्होल्टेज ०.७५ वर धरून पीडब्ल्यूएम सुरू करा. आता ०.१ टक्का प्रकाशाला ड्युटी (फेरीतला चालू असण्याचा हिस्सा) ०.३३ टक्के लागते. वारंवारता ५०० हर्ट्झ केली तर पल्स ६.७ मायक्रोसेकंदांचा होतो, आणि ९० मिलिअँपिअर चढायला कॉइलला ०.७ मायक्रोसेकंदच पुरतात.

जोडणी अशी. कंट्रोलरच्या एका पिनचा पीडब्ल्यूएम १० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरडने गाळून ऑपॲम्पच्या बफरमधून घ्या, तिथून १ किलोओहममधून डिम पिनला द्या. त्याच डिम पिनवरून ग्राउंडकडे २एन७००२ मॉसफेट लावा आणि दुसऱ्या पिनचा पीडब्ल्यूएम त्याच्या गेटला द्या. इथे तर्क उलटा आहे, गेट हाय म्हणजे दिवा बंद. म्हणून गेटवरून ५ व्होल्टला १० किलोओहम हवाच, नाहीतर रिसेटच्या वेळी दिवा पूर्ण पेटेल. डिम पिनला आता कपॅसिटर अजिबात नको, त्याने पल्सच्या कडा झिजतात.

दोन पद्धतींच्या सांध्यावर बारीक उडी येते, कारण ड्युटी १०० च्या किंचित खाली आली की बंदचा काळ आयसीला पेलण्याइतका लांब नसतो. ती अंदाजाने घालवू नका, मोजा. बीपीडब्ल्यू३४ हा फोटोडायोड दिव्यासमोर काळ्या नळीत बसवून मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर रेंजला जोडा. त्याचा करंट प्रकाशाच्या प्रमाणात असतो. १०० टक्क्यांना ५०० मायक्रोअँपिअर मिळतील इतक्या अंतरावर ठेवा. एक टक्क्याच्या खाली त्याच डायोडवर १० किलोओहम टाकून मिलिव्होल्टवर वाचा, ०.१ टक्क्याला ५ मिलिव्होल्ट दिसतील. वीस-पंचवीस ठिकाणी वाचन घेऊन तक्ता त्याप्रमाणे वाकवा. मंद प्रकाशाच्या कामात या एका मोजमापाने जितके प्रश्न सुटतात तितके महागड्या आयसीने सुटत नाहीत.

एलईडींना समांतर मॉसफेट टाकून करंट वळवण्याची पद्धतही आहे, ती किलोहर्ट्झांतही सुंदर चालते. पण पीटी४११५ मध्ये माळ अधिक बाजूला लटकलेली असते. त्यासाठी पी-चॅनल मॉसफेट आणि त्याचा लेव्हल शिफ्टर लागतो. कॅमेऱ्यासमोर वापरायचा दिवा नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

शिटी बहुधा इनपुटच्या सिरॅमिक कपॅसिटरची. व्होल्टेज हलले की तो पीडब्ल्यूएमच्या वारंवारतेने कंप पावतो. आयसीजवळ १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक जोडा. कॉइल वाजत असेल तर तिला वार्निश लावा.

प्रश्न : पीडब्ल्यूएम नको म्हणून एलएम३५८ ऑपॲम्प आणि मॉसफेटचा सरळ कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर केला. ३५० मिलिअँपिअर, सेन्स रेझिस्टन्स ०.२८ ओहम. एकाच बोर्डवर दोन दिवे. पॉट (उजेड ठरवायची फिरती कळ) खाली आणला की एक दिवा चार टक्क्यांवरच विझतो आणि दुसरा पॉट शून्यावर असूनही जळतच राहतो. दोघांचे भाग अगदी सारखे आहेत.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : भाग सारखे असले तरी ऑपॲम्पचा ऑफसेट (त्याच्या इनपुटमधली मूळची चूक) सारखा नसतो. पूर्ण करंटला तुमच्या सेन्स रेझिस्टन्सवर ९८ मिलिव्होल्ट येतात, म्हणजे एक टक्का म्हणजे जेमतेम १ मिलिव्होल्ट. एलएम३५८ चा ऑफसेट अधिक किंवा उणे ७ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. एका भागात तो उणे ४ निघाला, तो दिवा चार टक्क्यांना विझला. दुसऱ्यात अधिक निघाला, तो शून्याला पोचतच नाही.

सर्वांत सोपा उपाय : सेन्स रेझिस्टन्स २.७ ओहम, १ वॉटचा करा आणि पॉटकडून येणारे व्होल्टेज त्याच प्रमाणात वाढवा. पूर्ण करंटला ०.९५ व्होल्ट येतील, रेझिस्टन्समध्ये ०.३३ वॉट जाईल. ऑफसेटची चूक ७ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यावर येईल. सप्लायमध्ये तेवढा एक व्होल्ट शिल्लक आहे ना, ते पाहून घ्या. त्याहून खाली जायचे तर ओपीए३३३ लावा, त्याचा ऑफसेट १० मायक्रोव्होल्टच्या आत असतो. त्याला ५.५ व्होल्टपेक्षा जास्त सप्लाय चालत नाही, म्हणून मॉसफेट लॉजिक लेव्हलचा घ्या.

ओपीए३३३ लावूनही एक दिवा दुसऱ्याकडे पाहून हलत असेल तर बोर्डाचे ग्राउंड तपासा. १ मिलिमीटर रुंद, २० मिलिमीटर लांब तांब्याची रेघ सुमारे १० मिलिओहमची असते. तीतून दुसऱ्या दिव्याचे ३५० मिलिअँपिअर गेले की ३.५ मिलिव्होल्ट पडतात. प्रत्येक सेन्स रेझिस्टन्सच्या खालच्या पायापासून संदर्भासाठी स्वतंत्र रेघ काढा, दोन्ही दिव्यांचा परतीचा करंट सप्लायच्या टर्मिनलवरच एकत्र आणा. दिवा थरथरत असेल तर गेटला १०० ओहम, ऑपॲम्पच्या आउटपुटवरून उण्या इनपुटला १ नॅनोफॅरड आणि सेन्सकडून त्या इनपुटला १ किलोओहम. पॉटच्या मधल्या पायाला १०० नॅनोफॅरड.

फार कमी करंटला पांढऱ्या एलईडीची छटा थोडी बदलते आणि समांतर माळांमध्ये एक उजळ, एक अंधुक दिसू लागते. समांतर माळा असतील तर प्रत्येकीला स्वतंत्र सेन्स द्या.

प्रश्न : घरातल्या जुन्या फिरत्या डिमरवर ९ वॉटचा डिमेबल एलईडी बल्ब लावला. अर्ध्याखाली लुकलुकतो.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : जुना डिमर ट्रायॅकचा (विजेच्या लाटेचा काही भागच पुढे सोडणाऱ्या स्विचचा) असतो आणि तो साध्या बल्बांसाठी केलेला असतो. ट्रायॅक चालू राहायला किमान करंट लागतो, बीटीए१६ जातीत तो ५० मिलिअँपिअरपर्यंत असतो. ९ वॉटचा बल्ब २३० व्होल्टवर सरासरी ४० च्या आसपासच घेतो, म्हणून ट्रायॅक प्रत्येक अर्ध्या लाटेत मध्येच सुटतो. एकाच डिमरवर तीन-चार बल्ब असतील तर हे आपोआप कमी होते. एकच असेल तर समांतर १५ वॉटचा जुना झीरोचा बल्ब लावून पाहा, तो ६५ मिलिअँपिअरचा भार देतो. लुकलुक थांबली तर कारण हेच. कायमचा उपाय म्हणून ट्रेलिंग एज प्रकारचा (अर्ध्या लाटेचा शेवट कापणारा), किमान मर्यादेचा स्क्रू असलेला डिमर घ्या. बल्ब थंड असताना ज्या खुणेवर पेटतो, तिथे तो स्क्रू लावा. पंख्याचा टप्प्याटप्प्यांचा कपॅसिटर रेग्युलेटर यासाठी वापरू नये. आणि खोक्यावर डिमेबल लिहिलेले नसेल तर तो बल्ब डिमरवर लावूच नका.

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यसंस्थेकडे डीएमएक्सवर (रंगमंचाच्या दिव्यांना पातळ्या पाठवणाऱ्या पद्धतीवर) चालणारे एलईडी पार, म्हणजे झोतदिवे, आहेत. अंक संपताना पाच टक्क्यांवरून दहा सेकंदांत अंधार करायचा असतो, तेव्हा प्रकाश टप्प्याटप्प्याने उतरतो. अंबर रंग उतरताना लालसर होतो.
— एक वाचक, सांगली

उत्तर : डीएमएक्स५१२ चा एक चॅनल ८ बिटांचा. पाच टक्के म्हणजे पातळी १३. दहा सेकंदांत १३ पायऱ्या, म्हणजे पाऊण सेकंदाला एक, आणि शेवटाकडची २ वरून १ ही उडी म्हणजे निम्मी. प्रेक्षागृहाच्या काळोखात ती शेवटच्या रांगेतूनही दिसते.

दिव्याच्या मेन्यूत १६ बिट मोड आहे का पाहा. असेल तर डिमर दोन चॅनल घेतो, एक जाडा आणि एक बारीक, आणि पातळ्या ६५,५३६ होतात. कन्सोलवरही (दिवे चालवायच्या पाटीवरही) तो दिवा १६ बिट म्हणूनच पॅच करावा, म्हणजे नोंदवावा, लागतो. मोड नसेल तर मेन्यूत डिमरचा वेग किंवा वक्र निवडता येतो. सर्वांत संथ पर्याय घ्या, मात्र त्याने झटक्यात करायचा अंधार उशिरा पडतो, तेव्हा तो बदल दृश्यानुसार ठरवा.

रंगाचे कारणही काउंटच. लाल २५५, हिरवा १२०, निळा १० असा तुमचा अंबर असेल, तर पाच टक्क्यांवर ते १३, ६ आणि अर्धा होतात. निळा शून्यावर जातो, त्यामागून हिरवा, आणि उरतो लाल. रंगाचे तीन चॅनल कन्सोलवरून उतरवू नका. ते जागच्या जागी ठेवून दिव्याचा स्वतःचा मास्टर डिमर चॅनल उतरवा, म्हणजे गुणाकार दिव्याच्या आत, बऱ्याचदा जास्त बिटांत होतो.

दिवा स्वतः बांधलेला असेल तर फर्मवेअरमध्ये गाळणी घाला. आलेली पातळी १६ बिटांच्या तक्त्यातून काढा आणि दर २ मिलिसेकंदाला फरकाचा १२८ वा भाग पुढे सरका. साधारण पाव सेकंदात पायरी विरघळते. फरक डीएमएक्सच्या ८ पातळ्यांहून मोठा असेल तर गाळणी ओलांडून थेट नव्या पातळीवर जा, म्हणजे झटक्याचा अंधार वेळेवर पडेल. चालू पातळी ३२ बिटांत ठेवा, खालचे १६ बिट अपूर्णांकाचे. पूर्णांकात ठेवली तर फरक १२८ च्या आत आला की भागाकार शून्य येतो आणि दिवा विझण्याच्या उंबरठ्यावर अडकून मिणमिणत राहतो.

मोड बदलला की प्रत्येक दिव्याचे चॅनल वाढतात आणि पुढच्या दिव्यांचे पत्ते सरकतात. ७ चॅनलचा पार ८ चा झाला तर १, ८, १५ ऐवजी १, ९, १७ लावा. तालमीला सभागृह पूर्ण अंधारात ठेवून, डोळे दहा मिनिटे सरावल्यावरच शेवटचा फेड तपासा.